आय७ १४७००के : बायोस टाकलात, आता व्होल्टेज पण बघा

सरळ मुद्द्यावर येतो. व्हिडिओ एडिटिंगसाठी इंटेलचा आय७ १४७००के हा प्रोसेसर मला आजही पैसा वसूल वाटतो, पण एका अटीवर. बायोस (मदरबोर्डमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) नवीन पाहिजे, आणि तो टाकल्यावर बोर्ड प्रोसेसरला नक्की किती व्होल्टेज देतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. ही अट खोक्यावर लिहिलेली नसते आणि असेंबल करून देणारे बरेच जण सांगतही नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू बेंचमार्कपेक्षा व्होल्टेजबद्दलच जास्त आहे.

मी जळगावला एडिटिंग करतो. लग्नं, प्री-वेडिंग, मधूनमधून शेतीवरच्या डॉक्युमेंटरी. आजकाल कॅमेरामन जे फुटेज आणून देतात ते बहुतेक एच.२६५, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त साठवणारं) असतं, आणि हे फुटेज टाइमलाइनवर टाकलं की भलेभले ग्राफिक्स कार्ड हात वर करतात, कारण आरटीएक्स ४० सिरीजपर्यंत एनव्हिडियाच्या कार्डात ४:२:२ चं हार्डवेअर डीकोड नव्हतंच, ते ५० सिरीजपासून आलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या यूएचडी ७७० ग्राफिक्सला मात्र हे आरामात जमतं. माझ्यासारख्या माणसाने इंटेल घ्यायचं हे एवढं एकच मोठं कारण आहे आणि ते पुरेसं आहे, चार कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) न बनवता चालतो आणि रात्रीचे दोन-दोन तास वाचतात. हो, घेताना के बघून घ्या, केएफ नको, केएफमध्ये ग्राफिक्सच नसतं.

बाकी आकडे पटकन सांगून टाकतो. ८ मोठे कोअर, १२ छोटे, २८ थ्रेड, टर्बो ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत, पूर्ण लोडला २५३ वॅट. माझ्या मशीनमध्ये सोबत झेड७९० चिपसेटचा बोर्ड, ३६० चा लिक्विड कूलर, ६४ जीबी डीडीआर५. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा स्पीड मोजणारी टेस्ट) मध्ये स्कोअर ३४ हजाराच्या आसपास. स्पीडबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आता मूळ विषय. २०२४ च्या सुरुवातीपासून जगभरात १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या आय९, आय७ वाल्यांचे गेम क्रॅश व्हायला लागले, आणि एरर काय यायचा तर "व्हिडिओ मेमरी संपली". लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलले, रॅम बदलली, विंडोज चार वेळा टाकलं, आणि दोष निघाला प्रोसेसरमध्ये. गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतात, फाइल्स डीकॉम्प्रेस होतात, तिथे सगळ्या कोअरवर एकदम लोड येतो आणि एखादा कोअर चुकीचं उत्तर देतो, मग एरर ग्राफिक्सच्या नावाने येतो. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेच अशा लोकांना इंटेलकडे बोट दाखवलं. जुलैमध्ये अल्डेरॉन गेम्स नावाच्या कंपनीने उघडपणे सांगितलं की आमच्याकडचे हे प्रोसेसर जवळपास सगळेच बिघडतायत आणि आम्ही सर्व्हर एएमडीवर नेतोय.

पहिला संशय बोर्डांवर आला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. त्या काळात बऱ्याच झेड७९० बोर्डांवर फॅक्टरी सेटिंगलाच पॉवर लिमिट ४०९६ वॅट आणि करंट लिमिट ५११ अँपिअर असायची, म्हणजे लिमिटच नाही असं समजा. बेंचमार्कमध्ये समोरच्या कंपनीच्या बोर्डापेक्षा चार आकडे जास्त दिसावेत म्हणून हे सगळं. मला याचा खरंच राग येतो, कारण गिऱ्हाईकाने बायोसमध्ये कशालाही हात लावलेला नसतो, ओव्हरक्लॉकचा ओ सुद्धा त्याला माहीत नसतो, आणि तरी त्याचा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर पळत असतो. मग घाईघाईत बोर्डवाल्यांनी "बेसलाइन प्रोफाइल" चे बायोस काढले, पण प्रत्येक कंपनीचं बेसलाइन वेगळं, आणि काहींनी तर पॉवर कमी करताना व्होल्टेज उलट वाढवून ठेवलं. शेवटी इंटेलला सांगावं लागलं की के प्रोसेसरवर ते बेसलाइन वापरू नका, आमचं "इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज" वापरा.

पण फक्त बोर्डाचा दोष असता तर विषय तिथेच मिटला असता. इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडमध्येही घोळ होता. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर, आणि ते आपल्यापर्यंत मुख्यतः बायोसमधूनच येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने पूर्ण कारण जाहीर केलं, कोअरच्या आतलं क्लॉक ट्री नावाचं सर्किट जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान सहन करून अकाली म्हातारं होतं. त्याला त्यांनी व्हीमिन शिफ्ट म्हटलंय. एखाद्या स्पीडला कोअर स्थिर राहायला किमान जेवढं व्होल्टेज लागतं ते हळूहळू वाढत जातं, पण कुठल्या स्पीडला किती व्होल्टेज मागायचं हा तक्ता तर फॅक्टरीतच चिपमध्ये कोरलेला असतो. डोळ्याचा नंबर वाढला आणि चष्मा जुनाच राहिला तर जे होईल तेच इथे होतं. आणि हे झालेलं नुकसान कुठलाही बायोस भरून काढत नाही. अपडेट चांगल्या प्रोसेसरला वाचवतं, बिघडलेल्याला बरं करत नाही, हे इंटेलनेही स्पष्ट सांगितलंय.

मायक्रोकोडचे टप्पे लक्षात ठेवा, कारण बोर्डाच्या साइटवर बायोसपुढे हेच नंबर दिसतात. ०एक्स१२५ जून २०२४ चा, तो आय९ मधल्या थर्मल बूस्टच्या बगसाठी, तापमान जास्त असलं तरी आय९ वरच्या स्पीडला जात होता ते थांबवायला. आपल्या आय७ मध्ये तो बूस्ट नाहीच. ०एक्स१२९ ऑगस्टचा, यात १.५५ व्होल्टच्या वरची मागणी बंद केली. ०एक्स१२बी सप्टेंबरचा, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा हाच, कारण यात मशीन रिकामी असताना किंवा हलक्या कामात होणारी जास्तीच्या व्होल्टेजची मागणी पकडली. मग मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आला, दिवसेंदिवस बंद न होता हलक्या कामावर चालू राहणाऱ्या मशीनसाठी.

हलक्या कामाचं हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. आपल्याला वाटतं रेंडर लावलं, पंखे ओरडायला लागले, तापमान नव्वदच्या वर गेलं म्हणजे प्रोसेसरची झीज होतेय. पण व्होल्टेज त्या वेळी उलट कमी असतं. सगळे कोअर चालू असले की स्पीड थोडा खाली येतो आणि करंट जास्त असल्यामुळे व्होल्टेज खाली बसतं. माझ्याकडे रेंडरच्या वेळी १.२५ च्या आसपास दिसतं. आणि क्रोम उघडा, दोन टॅब, एक व्हॉट्सअॅप वेब, माउस हलवा, तेवढ्यात एक-दोन कोअर ५.६ ला उडी मारतात आणि व्होल्टेज झटकन १.४५ च्या वर. एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मॅक्सिममच्या कॉलममध्ये बघा, हे आकडे रेंडर न लावताच दिसतात. मशीन गार आहे, पंखे शांत आहेत, आणि सगळ्यात जास्त व्होल्टेज त्याच वेळी जातंय. एडिटरचं मशीन दिवसाचे कितीतरी तास असंच असतं, कार्डवरून हार्ड डिस्कवर कॉपी चाललीय, क्लायंटशी फोन चाललाय, टाइमलाइन नुसती उघडी आहे.

०एक्स१२बी वाला बायोस टाकल्यावर माझ्या मशीनवर हे उंच झटके कमी झाले, आणि जे येतात ते आधीपेक्षा खाली आहेत. सिनेबेंचचा स्कोअर नेहमीच्या चढउताराच्या आतच राहिला. इंटेलने हेच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं, त्यामुळे "अपडेट केलं तर स्लो होतो" म्हणून जुन्या बायोसवर बसून राहिलेल्यांना हात जोडून सांगतो, टाका.

पण टाकला म्हणजे संपलं असं नाही हो. बायोस अपडेटने सगळी सेटिंग्ज धुतली जातात. रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग) बंद होतं आणि ६००० ची रॅम ४८०० वर येते. फॅन कर्व्ह जातात. आणि पहिल्यांदा चालू करताना प्रॉम्प्टमध्ये काही बोर्ड विचारतात, इंटेल डिफॉल्ट पाहिजे का आमचं ऑप्टिमाइज्ड, तिथे घाईत एंटर दाबला की पुन्हा अनलिमिटेड पॉवर. म्हणून अपडेटनंतर बायोसमध्ये जाऊन तीन आकडे बघायचे. पॉवर लिमिट एक आणि दोन, दोन्ही २५३ वॅट. करंट लिमिट ३०७ अँपिअर. आणि एसी लोडलाइन.

हा तिसरा आकडा कोणी समजावून सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. बोर्डापासून कोअरपर्यंत वीज जाताना वाटेत थोडं व्होल्टेज पडतं. किती पडणार हे एसी लोडलाइनमधून प्रोसेसरला सांगितलं जातं आणि तो तेवढं वाढवून मागतो. या प्रोसेसरसाठी इंटेलची कमाल मर्यादा १.१ मिलीओहम. आता हिशोब करा, २०० अँपिअर करंटला १.१ ने २२० मिलिव्होल्ट जास्त मागितलं जाईल, ०.५ ने फक्त १००. तुमच्या बोर्डात खरोखर तेवढं व्होल्टेज पडत असेल तर ठीक, पण बोर्ड चांगला असेल आणि लोडलाइन कॅलिब्रेशनही (व्होल्टेज पडू न देणारं सेटिंग) वर ठेवलेलं असेल, तर व्होल्टेज पडत नाही आणि मागितलेलं जास्तीचं सगळं कोअरवर जातं. म्हणजे "डिफॉल्ट" लिहिलंय म्हणून व्होल्टेज कमीच असेल असं अजिबात नाही. काही बोर्डांवर जुन्या बायोसमध्ये ही लोडलाइन कमी असायची आणि नवीन डिफॉल्टमध्ये १.१ झाली, त्यामुळे अपडेटनंतर तापमान उलट वाढलं. लोक म्हणतात अपडेट खराब, पण खरं कारण हे.

हे नाव प्रत्येक बोर्डावर वेगळं सापडतं. एमएसआयवर लाइट लोड, असुसवर एसव्हीआयडी बिहेव्हियर, बाकी ठिकाणी सरळ एसी एलएल लिहिलेलं. कमी करायचं तर एकेक पायरी करा, कारण नवीन बायोसमध्ये सीईपी नावाचं संरक्षण चालू असतं, अपेक्षेपेक्षा व्होल्टेज फार कमी मिळतंय असं दिसलं की प्रोसेसर गुपचूप मंद होतो. टास्क मॅनेजरला ५.५ गिगाहर्ट्झच दिसतं आणि रेंडरचा वेळ मात्र वाढलेला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक वेगळा दाखवतात, तो बघा, तिथे खरं कळतं. मी मधल्या पायरीवर थांबलोय आणि शिवाय व्हीआर व्होल्टेज लिमिट १४०० मिलिव्होल्ट ठेवलीय, म्हणजे काहीही झालं तरी १.४ च्या वर मागणीच जात नाही. याने सिंगल कोअरचा स्कोअर अगदी थोडा उतरतो, एडिटिंगमध्ये तो कुठेही जाणवत नाही. ही लिमिट इंटेल डिफॉल्टचा भाग नाही, माझी स्वतःची आहे, पण पाच वर्षं मशीन चालवायची असेल तर मला हाच सौदा बरा वाटतो.

आमच्याकडचा उन्हाळा यात वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात जळगावात बाहेर ४४, डेझर्ट कूलर लावूनही खोलीत ३५-३६, आणि इंटेलने व्होल्टेजसोबत तापमानाचंही नाव घेतलंय. परदेशातले रिव्ह्यू एसीच्या २१ डिग्रीत केलेले असतात, त्यांचं ८५ आपल्याकडे सरळ १०० होतं. म्हणून एप्रिल ते जून मी पॉवर लिमिट १८० वॅटवर आणतो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, दहा टक्क्यांच्या आतच, आणि तापमान ऐंशीच्या घरात राहतं. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातल्या सगळ्यांना मी हेच सुचवेन.

अपडेट करतानाच्या दोन-तीन गोष्टी, कारण इथे गडबड झाली तर बोर्डच जाईल. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसवर करा, आणि आधी यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का हे तपासा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पाहिजे. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी मोबाइलमध्ये किंवा कागदावर घ्या, अपडेटनंतर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागितली आणि ती नसली तर लग्नाचं सगळं फुटेज कुलुपात. बायोस टाकून झाला की पहिल्या बूटला डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग चालते, स्क्रीन काळी, पंखे चालू, काहीच होत नाही असं वाटतं. पॉवरचं बटण दाबू नका, ६४ जीबीला चांगली काही मिनिटं लागतात. आणि काही बोर्डांवर नवीन बायोसवरून जुन्यावर परत जाता येत नाही, तेव्हा साइटवरची टीप वाचूनच पुढे जा.

असेंबल करणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. माझ्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरने पुण्यातल्या एका दुकानातून १४७००के ची तयार मशीन घेतली, ०एक्स१२बी येऊन बरेच महिने झाल्यावर. मी सहज एचडब्ल्यूइन्फो लावून बघितलं तर मायक्रोकोड ०एक्स१२३. म्हणजे सगळ्या दुरुस्त्यांच्या आधीचा. पॉवर लिमिट ४०९६. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, चालू मशीनला बायोस कशाला छेडायचा?" एक लाखाच्या वरची मशीन देताना पंधरा मिनिटं बायोसला देत नसतील तर असेंबलिंगचे पैसे कशाचे घेतात हे मला खरंच कळत नाही. तो फोटोग्राफर माझ्याकडे मशीन घेऊन आला, आम्ही बायोस टाकला, लिमिट लावल्या, आणि आता तो व्यवस्थित काम करतोय. तुम्ही मशीन घ्यायला जाल तेव्हा बिल करायच्या आधी दुकानातच सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो उघडायला सांगा. ०एक्स१२बी किंवा त्याच्या पुढचा नंबर नसेल तर तिथेच अपडेट करून घ्या.

एएमडीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी चे प्रोसेसर एएम५ (एएमडीचं सॉकेट) बोर्डांवर सॉकेटसकट जळाले होते, तिथेही बोर्ड एसओसीला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला) जास्त व्होल्टेज देत होते आणि बायोस अपडेटने ते १.३ व्होल्टवर बांधावं लागलं. पद्धत तीच, ऑटो सेटिंगवर बोर्ड स्वतःच जास्त व्होल्टेज देतो.

वॉरंटीबाबत इंटेलने बरं केलं. बाधित यादीतल्या बॉक्स प्रोसेसरला तीनची पाच वर्षं झाली, आणि १४७००के त्या यादीत आहे. पण यासाठी बिल आणि प्रोसेसरवरचे एफपीओ, एटीपीओ (बॅच आणि सिरियल) नंबर लागतात. एफपीओ झाकणावरच असतो, एकदा कूलर बसला की दिसत नाही, तेव्हा बसवायच्या आधी फोटो काढून ठेवा. खोकं फेकू नका. ट्रे प्रोसेसर (खोक्याशिवाय सुटा मिळणारा) थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्या वॉरंटीला तुम्हाला ज्याच्याकडून घेतला त्याच्याच दारात जावं लागतं, आणि या प्रोसेसरच्या बाबतीत तेवढे पैसे वाचवणं मला पटत नाही.

मग घ्यावा का? एलजीए१७०० (या प्रोसेसरचं सॉकेट) चा बोर्ड आधीच असेल, १२ वी जनरेशन चालू असेल आणि ४:२:२ फुटेजचं काम असेल तर नवीन बॉक्समधला १४७००के जरूर घ्या, पण तो बसवायच्या आधी, जुना प्रोसेसर असतानाच बायोस टाका, कारण जुन्या बायोसवर नवीन प्रोसेसर सुरू होईलच असं नाही. सगळंच नवीन घ्यायचं असेल तर कोअर अल्ट्रा २०० बघा, त्याला हा त्रास नाही असं इंटेल म्हणतं आणि ४:२:२ तिथेही चालतं, फक्त बोर्ड वेगळा लागतो.

सेकंडहँड मात्र फार जपून. आय९ तर मी कितीही स्वस्त मिळाला तरी सेकंडहँड घेणार नाही, मागच्या मालकाने तो कुठल्या बायोसवर किती दिवस चालवला हे कळायला काहीच मार्ग नाही. आय७ घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याच्या समोर मशीन लावा, इंटेल डिफॉल्टवर ठेवा, व्होल्टेज वाढवून ठेवलंय का ते बायोसमध्ये बघा कारण बिघडलेला प्रोसेसर थोड्या जास्त व्होल्टेजवर काही महिने ठीक चालतो. मग एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची फाइल घ्या आणि तिचं एक्स्ट्रॅक्शन पुन्हापुन्हा लावा, बिघडलेल्या प्रोसेसरवर तिथे सीआरसी एरर (फाइल खराब असल्याचा) येतो. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअर एररच्या) नोंदी बघा. एकही एरर आला किंवा बिल नाही म्हणाला तर उठून या.